निळ्या झाकणाची बाटली

प्रिय खारुताई,

पत्र बघून तुझ्या भुवया वर जाणार, माहीत आहे मला. रोज फोनवर बोलणारी आई एकदम कागद-पेन घेऊन का बसली, कोणी गेलं-बिलं की काय, असं वाटेल. कोणी गेलेलं नाही. बाबा ठणठणीत आहेत. आत्ता शेजारच्या खोलीत त्यांनी टेबलफॅन उघडलाय, पुन्हा जोडलाय, आणि उरलेले दोन स्क्रू कुठले ते शोधतायत. मी जेवणाच्या टेबलाशी बसलेय. दुपारचे तीन वाजलेत. आणि रोज बोलतो म्हणजे तरी काय गं, तू म्हणतेस बरी आहे, जेवले, ठेवते आता, आणि मी म्हणते हं. एवढ्यात आपलं उरकतं. जे सांगायचंय ते फोनवर मला जमणार नाही. परवा करून बघितलं. ऐक ना, असं म्हणाले आणि मग तुला तिथली हवा कशी आहे ते विचारलं.

याच टेबलाशी चार वर्षांपूर्वी मी तुला खोटारडी म्हणाले होते. त्या आठवड्यात तीनदा तोंडाने, आणि पुढे वर्षभर न बोलता रोजच. हे पत्र त्या शब्दाबद्दल आहे. तो शब्द चुकीचा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच वैतागून पत्र ठेवून दिलंस तरी तेवढं वाचलेलं असेल. का चुकीचा होता ते पुढे येईल. माझं लिहिणं लांबतं, तुला ठाऊकच आहे. आमच्या दवाखान्याच्या तक्रारवहीत मी एकटी दोन-दोन पानं भरते म्हणून सगळे हसतात.

तुमच्या शाळेतली ती खेळाच्या सामानाची खोली आठवते का? गाद्यांची चळत, भोकं पडलेले चेंडू, आणि कितीही झाडलं तरी रबराचा वास. तिथे आम्ही घडीची खुर्ची मांडली होती, स्टँडवरचा दिवा, कापसाच्या गुंडाळ्या, आणि माझे ते बारीक ब्रश. दर शाळेत तीन वर्षं चालणारा अभ्यास होता, शाळा आम्ही एकेक करून घेत गेलो. मागची मोठी दाढ बाराव्या वर्षाच्या आसपास येते, आणि नवीन असते तेव्हा ती कच्ची असते. तिच्या खाचा खोल असतात, तिथे ब्रश पोचत नाही, आणि तोंडातल्या किडवणाऱ्या जंतूंना हे बरोबर कळतं. दाढ पक्की होईपर्यंत या जंतूंना औषधाने दाबून ठेवलं तर पुढची कीड टळेल का, एवढाच त्या अभ्यासाचा प्रश्न. ते औषध म्हणजे एक वार्निश. दात कोरडा करायचा, ब्रशने पातळ थर द्यायचा, दोन मिनिटं तोंड उघडं ठेवायचं. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा, मग दर सहा महिन्यांनी. सगळं मिळून नऊ वेळा. शाळेतल्या प्रत्येक मुलाला हे भाषण मी दिलं आणि तुला तर ते पाठच होतं, घरी माझी नक्कल करायचीस, पोळपाट... नाही, पोळपाट कुठला, ती पावडरची डबी दिवा म्हणून धरून.

बाटल्या दोन होत्या. एक पिवळ्या झाकणाची, एक निळ्या. एकीत खरं औषध, दुसरीत नुसतंच वार्निश. कुठल्या बाटलीत काय, ते मला माहीत नव्हतं, तपासणाऱ्या चष्मेवाल्या डॉक्टरबाईंनाही नव्हतं, मोठ्या डॉक्टरांनाही नव्हतं. ते एका बंद पाकिटात होतं आणि पाकीट शेवटच्या मुलाची शेवटची तपासणी झाल्यावरच उघडायचं होतं. मुलांची नावं सोडतीने पडली. कोणाला पिवळं कार्ड, कोणाला निळं. तुला पिवळं आलं. मोठ्या डॉक्टरांनी मला आधी विचारलंही होतं की त्या वर्गात तुमची मुलगी आहे ना, तिला दुसरं कोणीतरी लावेल. मी म्हणाले, कशाला, मला सगळी मुलं सारखीच. बघ ना. एवढे नाकाने कांदे सोलले मी त्या दिवशी.

पहिल्याच सकाळी मला कळलं. म्हणजे, कळलं असं वाटलं. निळ्या बाटलीची पोरं तोंडं वेडीवाकडी करत होती. कडू आहे, कडू आहे, पाणी द्या, करत होती. एकाने माझ्या नव्या कोऱ्या एप्रनवर थुंकलं. आणि पिवळीची पोरं खुशाल ओठ चाटत होती. मी तेव्हा वीस वर्षं दवाखान्यात काढलेली. जंतू मारणारं औषध कडू असतं, ही गोष्ट माझ्या नाकाला आणि जिभेला झोपेतसुद्धा माहीत. मोठमोठ्या लोकांनी सील करून ठेवलेलं गुपित मी अर्ध्या तासात फोडलं म्हणून मला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं. निळी खरी. पिवळी नुसतं पाणी.

मग तू येऊन खुर्चीत बसलीस, हातात पिवळं कार्ड.

माझ्या तोंडात उजवीकडे खाली एकही दाढ नाही, हे तुला माहीत आहे. लहानपणी माझी कवळी तू पेल्यात बघायचीस आणि किंचाळायचीस. माझ्या दाढा चौदा ते सतरा या वयात गेल्या, एकेक करून, आणि दर वेळी घरात माझ्यावरच खापर फुटलं. मी या कामाला लागले तीच त्या रागापोटी. तू आ वासलास आणि मागे ती नवी दाढ दिसली, पांढरी, हिरडीतून अर्धीच वर आलेली. मी पिवळी बाटली खाली ठेवली आणि निळी उचलली. तू डोळे फिरवून बघितलंस. कापूस तोंडात असतानाच तू काहीतरी म्हणालीस, की आई, माझं कार्ड पिवळं आहे. मी म्हणाले, गप्प बस, हलू नकोस. तू गप्प बसलीस. कडू लागलं, डोळ्यांत पाणी आलं तुझ्या, तरी हललीस नाहीस. मी कागदावर पिवळ्या रकान्यात खूण केली.

असं नऊ वेळा. दुसऱ्या वेळेपासून तू विचारलंसुद्धा नाहीस. तू ते कोणाला बोललीही नाहीस, ना मैत्रिणीला, ना बाबांना. मी तुला बोलू नकोस असं कधी सांगितलं नव्हतं. तुला आपलं आपण समजलं होतं की आईने काहीतरी केलंय आणि ते झाकायचंय. बाराव्या वर्षी. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, पोरगी समजूतदार आहे.

मग चौदाव्या वर्षी तपासणीत तुझ्या दोन दाढा किडलेल्या निघाल्या. सहा महिन्यांनी तिसरी. चष्मेवाल्या डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावून हळूच सांगितलं, अगदी सांत्वन करावं तसं. आणि मला काय सुचलं असेल? दुसऱ्या कोणत्याही आईला वाटलं असतं की चला, आपल्या पोरीच्या वाट्याला पाणी आलं, किंवा औषधच कुचकामी असेल. मला तसं वाटायची सोयच मी ठेवली नव्हती. तुला खरं औषध लागलंय, हे जगात फक्त मला माहीत होतं. खरं औषध, नऊ वेळा, माझ्या हाताने, आणि तरी कीड. म्हणजे उरलं काय? पोरगी चोरून गोड खाते, ब्रश नुसता ओला करून ठेवते, आणि वर तोंड करून नाही म्हणते. माझा हिशेब अगदी चोख होता.

याच टेबलाशी बॅटरी घेऊन मी तुझं तोंड उघडायला लावलं. तू म्हणालीस की दोन्ही वेळा घासते. मी म्हणाले, खोटारडी. तू म्हणालीस की गोळ्या-चॉकलेटं खात नाही. मी पुन्हा तेच म्हणाले. मग तुझं दप्तर उलटं केलं. वह्या, कंपास, डब्याचा चमचा, आणि तळाशी एका गोळीचा तो चकचकीत लाल कागद. तू सांगितलंस की मैत्रिणीचा वाढदिवस होता, एकच खाल्ली, त्याच दिवशी. ते खरं होतं, आज मला त्यात कणभर शंका नाही. तेव्हा मी म्हणाले, एक सापडली म्हणजे पन्नास खाल्ल्या असतील. आणि तो कागद चिकटपट्टीने मोरीतल्या आरशाला चिकटवला, तुझ्या ब्रशच्या बरोबर वर. रोज दोन वेळा तुला तो दिसावा म्हणून.

बाबा तेव्हा एकच वाक्य बोलले होते. ती खोटं बोलत नाही, एवढंच. मी त्यांच्यावर अशी खेकसले की तुम्हाला दातांतलं काय कळतं, तुमचं आपलं लाडावून ठेवणं. ते उठून आत गेले. त्यांना दातांतलं खरंच काही कळत नाही गं. त्यांना तू कळत होतीस.

तो कागद आरशावर किती दिवस होता ते तुला माझ्यापेक्षा चांगलं आठवत असेल. मी त्याच्याकडे बघून केस विंचरायचे. एक दिवस तो नव्हता. मला वाटलं तू काढून फेकलास, आणि मी ठरवलं की आता तुझी सुधारणा झाली आहे, जाऊ दे. तोवर तू हसताना तोंडावर हात धरायला लागली होतीस. तुझे पुढचे दोन दात, ज्यांच्यावरून मी तुला खारुताई म्हणायचे, ते फोटोत दिसेनासे झाले. किडल्या होत्या दाढा, त्या कोणाला दिसतही नव्हत्या, तरी हात वर जायचा. मी म्हणायचे, वय आहे, लाजते.

आणि सोळाव्या वर्षी खालची डावी दाढ काढावी लागली. आमच्याच दवाखान्यात, आणि मदतीला मीच. लहान मुलं दाढ काढताना माझा हात धरतात, मोठी माणसंही धरतात, एका पोलिसाने धरला होता तो तीन दिवस दुखत होता. तू खुर्चीचा दांडा धरलास. मी हात पुढे केला होता, तू पाहिलास, आणि दांडा धरलास. दाढ निघाल्यावर मी ती ट्रेमध्ये ठेवली, कापूस दिला, दात घट्ट आवळून धर म्हणाले, अर्धा तास थुंकायचं नाही म्हणाले. सगळ्यांना म्हणते तेच. घरी जाताना आपण काही बोललो नाही, पण तुझ्या तोंडात कापूस होता, त्यामुळे ते चालून गेलं.

आता तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. शेवटच्या शाळेतल्या शेवटच्या मुलाची तपासणी संपली आणि मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. चहा होता, बिस्किटं होती, दातांच्या दवाखान्यात क्रीमची बिस्किटं म्हणून सगळ्यांनी नेहमीचा विनोद केला. बाटल्या बनवणारे केमिस्टही आले होते. पाकीट उघडलं. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा लावून वाचलं की औषध पिवळ्या बाटलीत होतं.

मला वाटलं त्यांनी चुकीचं वाचलं. केमिस्ट मात्र खुशीत सांगत होते की औषध फार कडू म्हणून त्यांनी त्यात गोड स्वाद घालून ती चव मारली, आणि चवीवरून कोणाला ओळखता येऊ नये म्हणून नुसत्या वार्निशमध्ये मुद्दाम थोडं कडू काहीतरी घातलं. दोन्ही सारखी लागावीत असा बेत होता, पण हात जरा जास्तच पडला. सगळे हसले. मीही हसले, म्हणजे तसा चेहरा केला. चष्मेवाल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, तरीच काही पिवळ्या कार्डांच्या मुलांच्या दातांवर तपकिरी झाक यायची, हे औषध तसा डाग सोडतंच. तो डाग मीही बघत होते, तीन वर्षं. चहा पीत असतील असं म्हणून पुसून काढत होते. तुझ्या दातांवर तो कधीच आला नाही, तेव्हा मी तुला शाबासकी दिली होती.

निकाल चांगला आहे. ज्यांना औषध लागलं त्यांच्या मागच्या दाढा कमी किडल्या. जादू नाही, पण फरक आहे. सोडतीने तुझ्या वाट्याला औषध आलं होतं, खारुताई. ते मी तुझ्या तोंडापासून नऊ वेळा बाजूला ठेवलं आणि त्या जागी रिकामं वार्निश लावलं.

त्यानंतर मी कप गोळा केले. मग तीन पेशंट झाले. मग तोंडात बघायचे छोटे आरसे धुवायला घेतले आणि ते मी इतका वेळ धुतले की बोटांना सुरकुत्या पडल्या. मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. भुलीचं इंजेक्शन दिल्यावर ओठ जागेवरच असतो पण आपला वाटत नाही, तसं मला हे तीन आठवडे झालंय. जेवते, कामाला जाते, तुला फोन करते, हं म्हणते. वाईट वाटायला हवं हे मला समजतंय. ते येईल तेव्हा येईल, त्याची वाट बघत बसले तर हे पत्र राहून जाईल, म्हणून तसंच लिहितेय. तेव्हा यात आसवांचे डाग-बिग शोधू नकोस.

मध्ये एकदा मी आडून आडून मोठ्या डॉक्टरांना विचारलं, की औषध लागूनही एखाद्या मुलाची दाढ किडते का हो? ते म्हणाले, किडते की, आणि न लागता एखाद्याची धडधाकट राहते. शेकडो मुलं बघावी लागतात. एका मुलावरून काहीही सिद्ध होत नाही. म्हणजे औषध लागलं असतं तरी तुझी दाढ गेली असती, असंही होऊ शकतं. हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी तर एकाच मुलीच्या तोंडात बॅटरी मारून सगळं सिद्ध केलं होतं. दाढेचं एक वेळ सोडून देऊ. दाढेचं मला काही ठामपणे सांगता येणार नाही. त्या शब्दाचं येतं.

बाबांना मी गेल्या रविवारी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आत जाऊन त्यांची हत्यारांची पेटी घेऊन आले. स्क्रू ठेवायच्या कप्प्यातून तो लाल कागद काढून माझ्यापुढे ठेवला. आरशावरून त्यांनी काढला होता, तू नाही. इतकी वर्षं जपून का ठेवला असं मी विचारलं. म्हणाले, कधीतरी लागेल असं वाटलं. आणि पुन्हा पंख्याकडे गेले.

आता आजच का लिहितेय ते. उद्या सकाळी अकरा वाजता मी मोठ्या डॉक्टरांकडे जाणार आहे. सगळं कागदावर लिहून ठेवलंय, दीड पान, माझ्या मानाने कमीच. नोकरी राहील की नाही कोणास ठाऊक. पण नुसत्या माझ्या सांगण्यावर ते थांबणार नाहीत. त्यांची एक समिती आहे, ती दर शुक्रवारी बसते, म्हणजे या शुक्रवारी ती तुला फोन करेल आणि विचारेल की कार्ड कुठलं होतं आणि बाटली कुठली. मला ठाऊक आहे, तो फोन अचानक आला असता तर तू पिवळी म्हणाली असतीस. न अडखळता, मला सांभाळून घ्यायला. जिला मी खोटारडी म्हणाले ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली असती आणि तेही माझ्यासाठी. म्हणून त्या फोनच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं. या वेळी मला वाचवू नकोस. निळी म्हण. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत निळी, नऊ वेळा, आणि लावणारी माझी आई. माझ्या दीड पानाच्या शेवटी मी लिहिलंय की माझी मुलगी जे सांगेल तेच खरं धरावं, ती खोटं बोलत नाही. वाक्य बाबांचं आहे. मला ते लिहायला चार वर्षं लागली. तो लाल कागद याच पाकिटात आहे, मागे चिकटपट्टी अजून तशीच आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव.

तुझीच, म्हणजे तुला अजून चालत असेल तर,
आई